ठकूआजीचा पांगारा

फार वर्षांपूर्वी, काडेपेटी अजून डोंगर चढून वर आली नव्हती, तेव्हा करंजघोळ गावात ठकूआजी राहायची. लाकूड गालाला लावून ती सांगायची, चुलीत घालायचं की फेकून द्यायचं. ऐन, धावडा, खैर घरात आणि पांगारा बांधावर. "पांगारा म्हंजी निस्ता धूर," ती म्हणायची, आणि तिच्यापुढे ब्र काढायची कुणाची छाती नव्हती. सरपणाला गेलेल्या बाया पांगाऱ्याकडे ढुंकूनही बघत नसत.

एका वर्षी अशी झड लागली, की सूर्य वाटच विसरला, असं म्हणतात. आजीची सून हौसा नुकतीच बाळंत झालेली. पोर गारठून निळं पडत चाललेलं. चांगलं सरपण धडाधड जळालं आणि संपलं. खाटेजवळच्या आगटीत मूठभर निखारे उरले, आणि गोठ्यात पांगाऱ्याचा एक ओंडका.

आजीचा पार गोंधळ उडाला. ओंडका घातला तर निखारे गुदमरतील, नाही घातला तर विझतीलच. इकडे आड, तिकडे विहीर. तिने तो गालाला लावला. दारापर्यंत नेला, परत आणला, पुन्हा गालाला लावला.

"आत्याबाई, जळंल का वो त्यो?" हौसाने विचारलं.

जन्मभर गावाला सांगत आलेल्या आजीला आज सांगता येईना. "मला न्हाई म्हाईत, बाय," म्हणत तिने रडत रडत ओंडका निखाऱ्यांवर ठेवला.

जाळ उठलाच नाही. नुसता धूर. आजीने कपाळाला हात लावला. पण ओंडका आतल्या आत धुमसत राहिला, हळूहळू ऊब धरली, आणि पोर टाहो फोडून रडलं. तिकडे गावातल्या चुली एकेक करून विझल्या. बाया खापरं घेऊन आजीच्या दारी विस्तव मागायला आल्या. झड सरेपर्यंत साऱ्या गावाने विस्तव नेला, तरी ओंडका बोटभरही झिजला नाही, असं म्हणतात.

"मग आजे, पांगारा चांगला का वाईट?" बायांनी विचारलं.

आजी म्हणाली, "त्येच्यावर भाकर भाजंना, आन् त्येच्याबिगर पोर जगलं नसतं. आता काय सांगू?" मरेपर्यंत तिचं काही ठरलं नाही.

आजही करंजघोळात बाळंतिणीची आगटी पेटवताना आधी पांगाऱ्याची एक ढलपी ठेवतात. घरातली थोरली बाई विचारते, "ठकूआजे, जळंल का गं?" मग सगळ्या आगटीला फुंकर घालतात. धुराने डोळ्यांना पाणी आलं की म्हणतात, आजीचं अजून ठरतंय. आणि ऊब धरेपर्यंत पोराला पोटाशी घेऊन थांबतात.