धूर मोजणारे दाजीबा मास्तर

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची? तुमच्या आज्याच्या आज्याला अजून मिसरूड फुटायचं होतं, तेव्हाची. बोटांवर हिशेब करत बसू नका, तेवढ्यात गोष्ट निसटून जाईल.

आपलं हे हिरडखोरं तेव्हाही इथंच होतं. परातीसारखं खोलगट गाव, मधून ओढा, चौऱ्याहत्तर घरं, आणि सगळ्यात उंच काठावर शाळा. शाळा म्हणजे काय, एक खोली आणि पुढे एक ओटा. पण त्या ओट्यावर उभं राहिलं की गावातलं एकूण एक छप्पर दिसायचं. त्या शाळेत दाजीबा मास्तर होते. मास्तर एकटेच, तरी गाव त्यांना हेडमास्तर म्हणायचं. परगावचा कोणी यावरून हसला की आमचे म्हातारे ऐकवायचे, "एकटा असला म्हून काय झालं? तोच हेड आन् तोच शेपूट!"

मास्तर उंच, काटकुळे, आवाज इतका हळू की मागच्या पोरांना कान टवकारावे लागत. त्यांची एक खोड होती. हजेरी घेताना नुसतं "हजर" ऐकून त्यांचं भागायचं नाही. पोराचं तोंड बघायचे आणि मगच पटावर खूण करायचे. "आलाय मास्तर, मागं बसलाय," असं शेजारच्यानं सांगितलं तर म्हणायचे, "मग मान वर करू दे त्याला." पटावर पोरं एक्केचाळीस, त्यात मुली तीन. असल्या हजेरीत निम्मी सकाळ जायची. गाव हसायचं. हसू दे, गावाला तेवढंच काम असतं.

आणि मग मानमोडी आली.

त्या साली पावसानं दगा दिला होता, कणग्या तळाला गेल्या होत्या, आणि त्यात हा ताप. आधी मान धरायची, मग अंग फणफणायचं, आणि तिसऱ्या दिवशी धडधाकट गडी आडवा व्हायचा. घरंच्या घरं झोपली. पाणी मागायला माणूस होतं, द्यायला नव्हतं. तालुक्याहून हुकूम आला की शाळा बंद ठेवावी. लोक म्हणाले, "मास्तर, तुमचं गाव घाटाखाली. बंद शाळेत बसून काय करणार? जावा आपल्या घरी."

मास्तर म्हणाले, "शाळा बंद झाली आहे. पट बंद झालेला नाही."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ते ओट्यावर उभे राहिले. हातात पट, पण समोर पोरं नाहीत. समोर छपरं. ज्या छपरातून धूर निघाला त्या घरात कोणीतरी उठून चूल पेटवलीय, म्हणजे ते घर हजर. ज्यातून धूर नाही ते गैरहजर. अशी त्यांनी आख्ख्या गावाची हजेरी मांडली, आणि जी घरं गैरहजर होती तिकडे पेजेची कासांडी घेऊन चालू लागले. त्या घरांत शिरायचे, चूल पेटवायचे, पेज पाजायचे, तोंडं पुसायचे. उंबरा पाटलाचा आहे की महारवाड्यातला, ते बघायचे नाहीत. असं म्हणतात, की मास्तरांची मोजणी पुरी होईपर्यंत डोंगरातला वाराही थांबायचा. जेवढ्या चुली पेटलेल्या तेवढे धूर सरळ वर जायचे, एकात एक मिसळायचे नाहीत. मी पाहिलं नाही. पण ज्यांनी पाहिलं त्यांना माझ्याशी खोटं बोलून काय मिळणार होतं?

जो तापातून उठून बसला, त्याला मास्तर कामाला लावायचे. पाटील बरे झाले आणि ओसरीवर बसून हुकूम सोडायला लागले. मास्तर दारात आले आणि म्हणाले, "पाटील, घागर उचला. खालच्या आळीत पाणी नाही." आमचा आजा सांगायचा, मास्तर वर्गातल्यासारखे बोलले आणि पाटील पोरासारखे उठले. त्या दिवसापासून गाव हललं. कोणी दळलं, कोणी लाकडं फोडली. हातपाय गाळून बसलेली माणसं एकमेकांच्या दारात जायला लागली.

पण मास्तरही माणूसच होते ना हो. तिसऱ्या आठवड्यात त्यांचीही मान धरली. मान एका बाजूला कलती ठेवून, भिंतींना हात लावत ते गल्लीतून जायचे.

आता ऐका.

ओढ्याच्या अंगाला येसाक्का राहायची. म्हातारी आणि तिची नात सरू, दोघीच. सरू त्या तीन मुलींतली एक. पावकीचा पाढा असा घडाघडा म्हणायची की मास्तर खडू खाली ठेवून ऐकत राहायचे. येसाक्कानं दारातून मास्तरांना भिंत धरून जाताना पाहिलं आणि तिच्या काळजाचं पाणी झालं. ती सरूला म्हणाली, "पोरी, आपल्यापायी त्यांना आणिक एक खेप नगं. चूल पेटव. धूर दिसला की ते पुढं जातील."

घरात पीठ नव्हतं. ताप दोघींनाही होता. तरी सरूनं चूल पेटवली आणि वर नुसतं पाणी ठेवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. वरून मास्तरांना धूर दिसला, आणि त्यांनी तीनही दिवस येसाक्काचं घर हजर मांडलं.

चौथ्या दिवशी धूर निघाला नाही. मास्तर धावतच खाली आले. सरू चुलीपाशी कुशीवर निजली होती, हातात फुंकणी तशीच होती. येसाक्का तिच्या उशाशी बसून होती.

"तुमाला एक घर तरी कमी व्हावं, म्हून चूल जाळली हो मास्तर," म्हातारी म्हणाली. "पोर बोलली, मास्तर दमलेत."

मास्तर तिथंच उंबऱ्यावर बसले आणि रडले. हो, रडले. हेडमास्तरानं रडू नये असं कुठं लिहिलंय? मग म्हणाले, "येसाक्का, चूक तुमची नाही. तिचीही नाही. मी तोंड पाहिलं नाही. जन्मभर तोंड पाहून हजेरी मांडली, आणि या एका पोरीची धूर पाहून मांडली."

अशी माया करावी का माणसानं, की मायेनंच घात व्हावा? पण आमचं गाव तसलंच. आपल्यासाठी दुसऱ्याला त्रास नको, म्हणून दुखणं गिळून बसणारं.

त्या दिवसापासून मास्तरांनी धुरावर विश्वास ठेवणं सोडलं. धूर मोजायचे, पण धूर असलेल्या घरीही जायचे. दारात उभे राहून म्हणायचे, "चूल पेटलेली दिसली. आता भाकरी दाखवा. आणि त्यातली चतकोर मला द्या." आता खोटं कसं बोलणार? चुलीवर नुसतं पाणी असेल तर चतकोर आणणार कुठून? भाकरी नसलेलं घर तिथल्या तिथं कळायचं. आणि ज्या घरात भाकरी होती तिथली चतकोर शिपतरात पडायची, म्हणजे भाकऱ्या ठेवायच्या त्या बांबूच्या टोपलीत. तेच शिपतर उपाशी घरात जायचं. एका सोवळ्या घरातनं कोणीतरी विचारलं, "ही भाकरी कुणाच्या घरची, मास्तर?"

मास्तर म्हणाले, "नाचणीची."

पुन्हा कोणी विचारलं नाही. पोटात कावळे ओरडत असले की माणूस लवकर शहाणा होतो. असं म्हणतात, की त्या शिपतराचा तळ कोणाला कधी दिसला नाही. असंही म्हणतात, की एकाच वेळी मास्तर वरच्या आळीत होते आणि खालच्या आळीतही होते, आणि दोन्हीकडे त्यांची मान तशीच कललेली होती. स्वतः मात्र ते काय खात होते ते कोणाला माहीत नाही. कोणी विचारलंच नाही, आणि ही आमच्या गावाची लाज आहे, ती मी झाकणार नाही.

सरूनंतर शाळेच्या पटावरलं एकही पोर गेलं नाही.

कार्तिक वद्य पंचमीच्या सकाळी मास्तर ओट्यावर उभे राहिले, आणि चौऱ्याहत्तरच्या चौऱ्याहत्तर घरांतून धूर निघाला. लोक ओट्याखाली जमले होते. येसाक्काही होती. सगळ्यांना वाटलं, आता मास्तर पट मिटतील आणि निजतील. पण मास्तर समोरच्या डोंगराकडे बघत होते. पलीकडच्या कड्यावर धनगरवाडा, पाच खोपटी. पाचांतून एकातही धूर नव्हता.

पाटील म्हणाले, "मास्तर, तिथलं एकबी पोर आपल्या पटावर न्हाई."

"आज घालतो," मास्तर म्हणाले.

शिपतर डोक्यावर घेतलं आणि निघाले. अंगात ताप होता. दोघे गडी बरोबर जायला उठले, तर त्यांना म्हणाले, "तुम्ही इथली दारं बघा. मी नसताना भाकरी बघितल्याशिवाय पुढं जायचं नाही." आणि वाट उतरून गेले. येसाक्का त्यांच्या पाठीकडे बघत राहिली.

दिवस कलायच्या आत पलीकडच्या कड्यावर धूर दिसला. एक, दोन, तीन, चार, पाच. गाव ओट्यावर उभं राहून मोजत होतं, आणि पाचवा निघाला तेव्हा बाया रडल्या.

मास्तर मात्र परत आले नाहीत.

गडी शोधायला गेले. धनगर म्हणाले, आले होते. चुली पेटवल्या, सगळ्यांना भरवलं, तीन पोरांची तोंडं हातात धरून नीट पाहिली आणि नावं लिहून घेतली. मग पलीकडच्या खोऱ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तिकडेही धूर दिसत नाही." आणि तिकडे उतरले.

मग तिकडून बातम्या यायला लागल्या. पलीकडच्या खोऱ्यात एका बाईच्या घरात चार माणसं आजारी होती, तर दारात कोणीतरी उंच माणूस मान कलती करून उभा राहिला आणि म्हणाला, "धूर दिसला नाही म्हणून आलो." त्याच्याही पलीकडे, सात कोसांवर, त्याच सकाळी तसाच माणूस आला. मानमोडी सरली, वर्षं गेली, तरी बातम्या येतच राहिल्या. जिथं चूल विझते तिथं दाजीबा मास्तर जातात, असं म्हणतात.

आमच्या गावाला याचं कौतुक वाटायचं, आणि खरं सांगू? पोटात तुटायचंही. सगळ्यांच्या दारात जातात, मग आमच्याच दारात का येत नाहीत? आम्ही काय परके झालो? ओढ्यावर धुणं धुताना बाया हेच बोलायच्या.

येसाक्का एके दिवशी म्हणाली, "ते कशाला येतील गं? त्यांना आपला धूर दिसतोय न्हवं."

पुढच्या कार्तिकात, त्याच पंचमीला, तिनं चूल पेटवली नाही. शेजारीण विस्तव घेऊन आली, तिला परत पाठवलं. म्हणाली, "येकदा धूर दाखवून मी त्यांना दारावरनं पुढं लावलं. आता न दाखवता बघते." आणि उंबऱ्यावर, धनगरवाड्याच्या वाटेकडे तोंड करून बसली. दुपार झाली. कोणी आलं नाही. पुढच्या वर्षी तिची शेजारीणही तशीच बसली. त्याच्या पुढच्या वर्षी आख्खी आळी. येसाक्का गेली तेव्हा त्या पंचमीला हिरडखोऱ्यात एकही चूल पेटत नव्हती.

अजूनही पेटत नाही. आता गॅस आलेत, धूर राहिला नाही, पण त्या सकाळी गॅससुद्धा नाही. चहासुद्धा नाही, मग तुम्ही कितीही नाकं मुरडा. परवाच्या करोनात आपल्या शाळेच्या हेडबाई, भांगरे बाई, तोंडाला फडकं बांधून रोज अंगणा-अंगणात उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "भाकरी दाखवा." शहरातून परतलेली पोरं शाळेत वेगळी ठेवली होती, त्यांचीही तोंडं खिडकीतून बघायच्या. लोक कुरकुरले, उचलली जीभ लावली टाळ्याला. पण भाकरी दाखवली सगळ्यांनी. त्या बाईंचे पाय धरावेत असं मला तेव्हा वाटलं होतं, पण जवळ जायची बंदी होती.

पंचमीला दुपारी धनगरवाड्यातून भाकऱ्या येतात. हेडबाई शिपतर घेऊन घरोघर फिरतात, प्रत्येकाचं तोंड बघतात आणि चतकोर देतात. ती खाल्ली की चूल पेटवायला मोकळीक. पण बघाल तुम्ही, लगेच कोणी उठत नाही. सगळं गाव उंबऱ्यावर, वाटेकडे तोंड करून. पोरं भुकेनं कुरकुरतात. माझी म्हातारी आई काड्यापेटी हातात घेऊन बसते, आणि सून उठायला लागली की तिचा पदर धरते.

"थांब गं जरा," म्हणते. "लांबची वाट हाय. उशीर होतो माणसाला."