महाराजांच्या ताटातला कडूकंद

“टेंभीपाड्यातला एकही माणूस लस घ्यायला आला नाही? एकही?” चंडप्रताप महाराज सिंहासनावरून जवळजवळ उडालेच!

त्याला कारणही तसंच होतं. शेजारच्या राजानं वेशीवर मोठा फलक लावला होता : ‘आमच्या राज्यात सर्वांनी करोनाची लस घेतली!’ करोना राज्यात शिरला, माणसं तापानं फणफणली, खालच्या पाड्यातली काही दगावली, तेव्हा आमचे महाराज शांत झोपत होते. फलक पाहिला आणि त्यांची झोप उडाली. राजेलोकांचं काळीज कुठे असतं ते देवालाच माहीत!

प्रधान त्रिंबकपंत पुढे सरसावले. “महाराज, मी स्वतः जीपला भोंगा बांधून गेलो होतो. पाड्याच्या तोंडाशी उभा राहून हुकूम वाचला. पण अडाणी लोक हो! निम्मे रानात पळाले. उरलेले प्रश्न विचारत बसले.”

“राजाच्या हुकमाला प्रश्न?”

“तर काय! लस कशाची केलीय, आधी कुणी घेतलीय, त्यांचं काय झालं, पोटुशी बाईनं घ्यावी का... मी स्पष्ट सांगितलं, गप्प बसा आणि दंड पुढे करा!”

“शाब्बास! त्या पाड्याचं रेशन बंद करा. पोट रिकामं झालं की दंड आपोआप पुढे येतील.”

हे ऐकायला दाराशी दशमी उभी होती. ती मुदपाकखान्यात भाज्या निवडायची आणि आत्ता ताकाचा तांब्या घेऊन आली होती. ती टेंभीपाड्याचीच. पाड्यावर कुणाच्या घरात दाणा उरलेला नव्हता, आणि त्यात रेशन बंद! पण दशमी डोळ्यांना पदर लावणाऱ्यांतली नव्हती.

“महाराज, लस नको असं पाड्यात कोणी बोललाय का?” ती म्हणाली. “तापाची भीती आमाला पण हाय. आमची माणसं इचारतात, कारण ती शहाणी हायेत.”

“शहाणी?” महाराज खदाखदा हसले. “अगं, शहाणा माणूस हुकूम ऐकतो, प्रश्न विचारत नाही! बरं, तुझी माणसं शहाणी आहेत ना? मग उद्याच्या जेवणापर्यंत मला पटवून दे. पण एक शब्द न बोलता! मी ‘बोल’ म्हणेपर्यंत तोंडातून शब्द निघाला, तर रेशन बंद म्हणजे बंद!”

न बोलता पटवायचं! पंतांना गुदगुल्याच झाल्या. न पटवता तासन्‌तास बोलणारे दरबारात पुष्कळ होते, खुद्द पंत त्यांतले पहिले. पण न बोलता पटवणारं कुणी आजवर पाहण्यात नव्हतं. दशमीनं मात्र मान डोलावली, तांब्या ठेवला आणि ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी महाराज आणि पंत पाटावर बसले. दशमीनं दोघांच्या ताटात पिवळट चकत्या वाढल्या. बाकी काहीच नाही!

“हे काय आहे?” महाराजांनी विचारलं.

दशमी गप्प.

महाराजांनी चकती उचलून हुंगली. “कशाचं केलंय?”

दशमी गप्पच. आचारी डोकावला आणि त्याचा चेहरा पडला. “महाराज, हा रानातला कडूकंद दिसतोय. कच्चा पोटात गेला तर विष असतो म्हणतात!”

चकती टपकन ताटात पडली. “विष? अगं, नीट शिजवलाय का? आधी कुणी खाल्लाय? त्याचं काय झालं? मला पित्ताचा त्रास आहे, मला चालेल का? सांग की!”

दशमीनं एक बोट ओठांवर ठेवलं आणि दुसऱ्या हातानं ताटाकडे खूण केली : गप्प बसा आणि खा!

“मी राजा आहे!” महाराज गरजले. “उत्तर मिळाल्याशिवाय एक घास घेणार नाही!”

पंत तर पाट सोडून बागेच्या दाराकडे निघालेसुद्धा.

“पंत, पळता कुठे? बसा!” महाराज ओरडले आणि एकदम थांबले. त्यांच्या कपाळावर आठी पडली. “पंत, त्या पाड्यातल्या लोकांनी काय काय विचारलं म्हणालात?”

“कशाची केलीय... आधी कुणी घेतलीय... त्यांचं काय झालं...” पंतांचा आवाज बारीक बारीक होत गेला.

महाराजांच्या मिशा थरथरल्या. रागानं की हसू दाबल्यानं, ते कळेना. “हरलो! बोल, दशमी, बोल!”

“हा कडूकंदच हाय, महाराज. कच्चा खाल्ला तर वाईट. मी राख घालून उकडला, चकत्या केल्या, रातभर झऱ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवल्या. माज्या आजीनं खाल्ला, आईनं खाल्ला. मी सकाळीच खाल्लाय, ही तुमच्यासमोर उभी. कुणाकुणाचा घसा जरा खवखवतो, मग थांबतो. पित्ताचं मला ठाऊक नाय. ते वैद्यबुवांना इचारा.”

वैद्यबुवांना बोलावलं. त्यांनी चव घेतली, नाडी पाहिली आणि खुशाल खा म्हणाले. महाराजांनी चकती तोंडात टाकली. मग दुसरी. मग तिसरी!

“आता कसा खाल्ला, महाराज?”

“तू सगळं सांगितलंस म्हणून!”

“मग आमालाही कुणीतरी सांगा! दवाखान्यातल्या नर्सबाईंना समदं ठाऊक हाय, पण पंतांनी त्यांना जीपमधून उतरूच दिलं नाय. त्यांना पाड्यावर धाडा. त्या आमच्यात बसू देत, इचारू तेवढं सांगू देत. ठाऊक नसंल ते ठाऊक नाय म्हणू देत. मग ज्याचा दंड त्यानं ठरवावं.”

महाराजांनी मिशीला पीळ दिला. राजाच तो, सहजासहजी कसा सोडेल? “आणि सगळं ऐकूनही कुणी नाहीच म्हणालं तर? त्याचं रेशन तरी बंद करू ना?”

दशमीनं पंतांच्या ताटाकडे बोट दाखवलं. चकत्या जशाच्या तशा होत्या आणि पंत ओठ घट्ट मिटून बसले होते.

“पंतांनीही समदं ऐकलं. वैद्यबुवांनी खाल्लेला पाहिला, तुमी खाल्लेला पाहिला. तरी त्यांचं मन व्हत नाय. त्यांचं रेशन बंद करताय का, महाराज?”

महाराज असे हसले, असे हसले की वैद्यबुवांना पाठ चोळावी लागली! रेशनबंदीचा हुकूम त्यांनी जेवता जेवताच मागे घेतला. हातातलं सोन्याचं कडं काढून दशमीच्या हातात घातलं. नर्सबाईंबरोबर पाड्यावर जाऊन तिथल्याच बोलीत सगळं समजावून द्यायला तिचीच नेमणूक केली.

मग डोळे पुसत महाराज शेजारी वळले.

“पंत, तुम्ही खाणार नसाल तर ते ताट इकडे सरकवा!”