हलवायचे कुणाला?

एकदा एका माळावर एक वृद्ध गृहस्थ डुकरे पाळून राहत होता. हे पहिलेच वाक्य ऐकून तुमच्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, ठाऊक आहे मला. ज्ञानी पुरुषाची गोष्ट म्हटली की आपल्याला नदीकाठ लागतो, आश्रम लागतो, अंगणात हरणे लागतात. परंतु ज्ञानाने कुणाच्या दारी मुक्काम करावा, हे ते आपल्याला विचारून ठरवत नाही. तेव्हा नाकावरचा रुमाल काढा आणि ऐका. या गृहस्थाचे नाव सटवाप्पा. आजूबाजूच्या पाच-सहा गावांत ज्याला कुणाला डुकरे पाळायची असत, तो आधी या आप्पापाशी येऊन बसे.

त्याच्याकडे एक बाई शिकायला आली. हौसा तिचे नाव. वय तिशीच्या आत, अंगाने काटक, बोलायला तुटक. तिचा नवरा वारला तेव्हा तिच्या कडेवर आठ महिन्यांची मुलगी होती. पोटासाठी वीटभट्टीवर जाणे भाग होते, आणि भट्टीच्या धुरात तान्हे मूल जगवायचे कसे, म्हणून तिने ते बारा कोसांवर राहणाऱ्या आपल्या थोरल्या बहिणीच्या ओटीत घातले. बहिणीला मूलबाळ नव्हते. "माझं बस्तान बसलं की नेईन," असे हौसा तेव्हा म्हणाली होती. मग या भट्टीवरून त्या भट्टीवर, असे तिचे फिरणे सुरू झाले. मुलीला बघायला जायचे ते वर्षातून एकदा, दिवाळीला. मुलीचे नाव गोदा. पहिल्या दिवाळीला गोदा तिच्याकडे बघून हसली, दुसऱ्या दिवाळीला रडली, आणि तिसऱ्या दिवाळीला बहिणीच्या पदराआड जाऊन उभी राहिली ती दोन दिवस बाहेर आलीच नाही. त्यानंतर हौसाच्याने तिकडे जाववले नाही.

ती आप्पाकडे आली आणि म्हणाली, "आप्पा, एका जागी राहून करता येईल असं काम मला शिकवा. माझी पोर मला घरी आणायची आहे."

आप्पाने शिकवले, परंतु त्याची शिकवण्याची तऱ्हा जरा तिरपागडी होती. पहिले पंधरा दिवस त्याने तिला काहीच करू दिले नाही, नुसते बघत बसायला लावले. सोळाव्या दिवशी विचारले, "काय दिसलं?" हौसा म्हणाली, "ती घाण करतात ती एकाच कोपऱ्यात. झोपायच्या जागेवर नाही करत." आप्पा खूश झाला. म्हणाला, "हे गावाला सांगून सांगून माझी दाढी पिकली. जागा दिली तर डुकरासारखं टापटिपीचं जनावर नाही. जागाच दिली नाही, तर ते लोळणार कुठं?"

मग एकेक गोष्ट तो सांगत गेला. गावठी काळी डुकरीण काटक असते, मिळेल ते खाते, पण एका वेताला पिल्ले थोडी देते. पांढरी विलायती दहा-दहा पिल्ले देते, परंतु तिला ऊन सोसत नाही, म्हणून दुपारी तिच्या अंगावर पाणी शिंपावे लागते. हॉटेलातले उरलेले अन्न आणले तर उकळल्याशिवाय पुढे ठेवायचे नाही. ज्या नराची ती लेक, त्याच नराकडे ती मादी न्यायची नाही. गाभण राहिल्यापासून तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवस धरायचे, आणि तोवर व्यायच्या खोलीत भिंतीपासून वीतभर अंतरावर, जमिनीपासून वीतभर उंचीवर आडवा दांडा बसवून घ्यायचा. आई भिंतीला टेकून अंग टाकते, तिला स्वतःच्या वजनाचा अंदाज नसतो. दांडा असला म्हणजे पिल्लू मागच्या फटीत वाचते. हे ऐकल्यावर हौसा बराच वेळ त्या दांड्यावर हात ठेवून उभी होती.

चार-पाच महिन्यांत तिने भट्टीवर साठवलेल्या पैशांतून माळाच्या दुसऱ्या टोकाला शेड उभी केली. शेजारी दोन खोल्यांचे घर. एक खोली माझी आणि एक गोदाची, असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. आप्पाने आपली एक गाभण पांढरी डुकरीण तिच्या शेडमध्ये आणून सोडली.

पहिले वेत चांगले झाले. नऊ पिल्ले. दोन महिने आईच्या अंगावर पिऊन ती गुबगुबीत झाली आणि त्यांना आईपासून तोडायची वेळ आली. नेमका तेव्हा आप्पा पुतणीच्या लग्नासाठी परगावी गेलेला. हौसाने आपल्या अकलेने केले. पिल्लांसाठी तिने नवी खोली बांधून ठेवलीच होती. चुना मारलेली, फरशी धुतलेली, खाली कोरडा भुसा. तिने पिल्ले उचलून तिथे नेली आणि आईला जुन्या खोलीत राहू दिले. तुम्ही-आम्हीही हेच केले असते. चांगले ते लेकरांना आणि जुने ते आपल्याला, ही आपल्याकडच्या आयांची रीतच आहे. पण चार दिवसांत पिल्लांना हगवण लागली. ती खाईनात. भिंतीला नाक घासत गोल गोल फिरत, एकमेकांचे कान चावत. तीन मेली.

आप्पा परत आला. त्याने मेलेली पिल्ले कुठे पुरली ते विचारले, उरलेल्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि एवढेच म्हणाला, "पुढचं वेत तोडशील तेव्हा मला बोलाव." हौसाची समजूत झाली की भुशातच काहीतरी दोष असणार.

पुढचे वेत तोडायला आले तेव्हा गोदाला पाच वर्षे पुरी झाली होती. हौसाने बहिणीला निरोप धाडला, येत्या शनिवारी न्यायला येते, पोरीची तयारी करून ठेव. घरातली दुसरी खोली तिने सारवून-रंगवून घेतली. बाजारात जाऊन फ्रॉकचे कापड घेतले, लाल रंगाचे. शिंप्याने उंची विचारली. तिने जमिनीपासून वर हवेत हात धरून दाखवला, थोडा वर नेला, पुन्हा थोडा खाली आणला. शिंपी म्हणाला, "बाई, पोरगी तुमची आहे की शेजारणीची?" तो थट्टेने म्हणाला होता. हौसा तिथून निघाली ती सबंध वाट पदराने डोळे पुसत आली.

बुधवारी सकाळी आप्पा आला. हौसाने नवी खोली या वेळीही लख्ख धुऊन ठेवली होती आणि भुसा नव्या ठिकाणाहून आणला होता. आप्पाने डोकावून पाहिले, छान आहे म्हणाला, आणि मक्याच्या भरड्याची पाटी उचलून डुकरिणीच्या नाकापुढे धरली. पाटीमागे चालत डुकरीण जुन्या खोलीतून बाहेर आली आणि सरळ नव्या खोलीत गेली. आप्पाने दार लावले. पिल्ले जिथे होती तिथेच राहिली, पोपडे उडालेल्या त्या जुन्या खोलीत.

हौसा धावत दारापाशी आली. "आप्पा, नवी खोली पिल्लांसाठी होती."

"पिल्लांना इथंच राहू दे."

"मग इतकी धुतली कुणासाठी मी?"

"डुकरिणीसाठी," आप्पा म्हणाला, आणि एक पोते अंथरून नव्या खोलीच्या दारापाशी बसला.

डुकरीण दिवसभर ओरडत होती. दाराच्या फळ्यांना तिने इतक्या धडका दिल्या की नाक सोलवटून निघाले. पाटीला तिने तोंड लावले नाही. आप्पा मधूनमधून आत हात घालून तिच्या कानामागे खाजवत होता आणि हळू आवाजात तिच्याशी काहीबाही बोलत होता. पिल्लांकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही. हौसाला आतून राग येत होता. कोवळ्या जिवांना टाकून हा म्हातारा भल्या थोरल्या डुकरिणीचे लाड करतो आहे! पिल्लांनी संध्याकाळपर्यंत कालवा केला. मग ती आपल्या नेहमीच्या कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढून झोपली. दुसऱ्या दिवशी नेहमीची पाटी नेहमीच्या जागी ठेवली, तेव्हा थोडे हुंगून त्यांनी खाल्ले. एकालाही हगवण लागली नाही. आप्पा मात्र गुरुवारीही पोत्यावरच बसलेला होता, आणि शुक्रवारी सकाळी डुकरिणीने चार घास खाल्ले तेव्हा कुठे तो उठला.

हौसाने त्याला पाणी दिले आणि विचारले, "आता तरी सांगा."

आप्पा म्हणाला, "आई आणि पिल्लू एकमेकांपासून तुटणार, ते काही टळत नाही. पण पिल्लाकडून किती काढून घ्यायचं, ते आपल्या हातात असतं. आई तर गेलीच. वर त्याची भिंत गेली, कोपरा गेला, पाण्याची जागा गेली, अंगाला ओळखीचा वास गेला, तर त्यानं धरायचं कशाला? तुझी तीन पिल्लं त्यानं मेली, भुशानं नाही. म्हणून जागा बदलायचं दुःख थोरल्या जिवाला द्यावं. तो ओरडतो, उपाशी राहतो, दार फोडायला बघतो, पण त्यातून उठतो. आणि ज्याला ते दिलं, त्याच्यापाशी आपण बसावं."

हौसाने पाण्याचा रिकामा तांब्या उचलला. मग म्हणाली, "उद्या शनिवार आहे."

"ठाऊक आहे."

"हे तुम्ही मला सांगताय."

"तुलाच सांगतोय."

तेव्हा तिचा इतक्या वर्षांचा बांध फुटला. "ती माझी पोर आहे, आप्पा. डुकराचं पिल्लू नव्हे. मी तिला जन्म दिला. एकेक दिवस ढकलला तो याच दिवसासाठी. रोज सकाळी तिची वेणी घालायची आहे मला. ती झोपली की तिच्याकडे बघत बसायचं आहे. एवढंच मागतेय मी, आणि तुम्ही म्हणता आणू नको?"

"पोर आहे म्हणूनच म्हणतो," आप्पा शांतपणे म्हणाला. "पिल्लं आठ दिवसांत विसरतात. पोर विसरत नाही. आजवर तिनं जिला आई म्हटलं ती, ते घर, ते अंगण, सगळं तू उद्या एका फेरीत काढून घेणार. त्या बदल्यात तिच्या हातात काय देणार? तिला तुझा चेहराही आठवत नाही. हौसा, तिला आणू नको एवढंच मी म्हणतोय. तू जाऊ नको असं कुठं म्हटलं?"

"आणि ही शेड? हे घर?"

"शेड पुन्हा उभी करता येते. डुकरिणी सकाळच्या गारव्यात टेंपोत घातल्या तर पोचतात. तोवर मी बघीन त्यांच्याकडं. आणि तू तिची कोण, हे लपव असंही मी म्हणत नाही. सांग. पण तिच्या घरात सांग, ती तुझ्यापाशी रुळली म्हणजे सांग."

हौसा जमिनीवर बसली आणि गुडघ्यांत तोंड खुपसून रडली. आप्पाने पोते ओढून घेतले आणि तो तिच्याजवळ बसून राहिला. दुपार झाली तरी दोघांपैकी कुणी जेवायला उठले नाही.

शनिवारी हौसा बहिणीच्या दारी पोचली तेव्हा ओट्यावर एक गाठोडे बांधून ठेवलेले होते. बहिणीचे डोळे सुजले होते. गोदा दाराची चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी होती. ती हौसाने शिंप्याला दाखवले होते त्याहून वीतभर उंच झाली होती.

"अक्का, ते गाठोडं सोड," हौसा म्हणाली. "तिला न्यायला नाही आले. मीच राहायला आले आहे. तुझी मागची पडवी दे मला."

बहीण खाली बसली. तिने गाठोड्याची गाठ सोडायला घेतली, पण ती सुटेना, तेव्हा तिने ती दातांनी ओढली.

"आई," गोदाने विचारले, "ही कोण?"

बहिणीने हौसाकडे पाहिले. ती काही बोलायच्या आत हौसा म्हणाली, "मी तुझी मावशी."

"मला नेणार नाही ना?"

"नाही."

"मग किती दिवस राहणार?"

"तू जा म्हणेपर्यंत."

गोदाने थोडा विचार केला. मग तिने चौकटीवरचा एक हात काढला, मग दुसरा काढला, आणि ती आत पळाली. हौसा ओट्यावरच उभी राहिली. पाऊल पुढे टाकायचा तिला धीर होईना.

तेवढ्यात आतून आवाज आला, "मावशी, ये की आत!"

मुलीने जन्मात पहिल्यांदाच तिला हाक मारली होती. हौसाने ओ दिली.