पाठीवरचे पांढरे दाणे

पूर्वी कर्दमपुरात सुबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व जवळच्या खेड्यात एका शेतकऱ्याच्या घरी जन्माला आला. त्याचे नाव भद्रक. गावाच्या पश्चिमेला शिरीषांची दाट रांग होती. झोंबरा वारा ती अडवी, म्हणून तर आतल्या केळीच्या बागा उभ्या राहत.

एका वर्षी शिरीषांवर सुरवंट पडले. पाहता पाहता फांद्या उघड्या झाल्या आणि गावाच्या तोंडचे पाणी पळाले. भद्रकाचा शेजारी उग्रक कामाला वाघ, पण धीर कशाशी खातात हे त्याला ठाऊक नव्हते. काही सुरवंटांच्या पाठीवर तांदळाच्या कणीसारखे पांढरे दाणे दिसत. ती सुरवंटांची अंडीच, असे ठरवून त्याने गावाला आधी तेच चिरडायला लावले. कीड मात्र वाढतच गेली.

भद्रकाला नवल वाटले. अंडी घालतो तो पतंग. सुरवंट तर त्याचे पोर, त्याला अंडी कुठून? त्याने दाणेवाले सुरवंट मडक्यात ठेवले, वर फडके बांधले आणि तहानभूक विसरून तिथेच ठाण मांडले. बायको सोमा त्याला हसून गेली. एका सकाळी दाणे फुटून चिलटाएवढ्या काळ्या माश्या निघाल्या. सुरवंट मेले होते. फडके सोडताच माश्या शिरीषांवर गेल्या आणि दुसऱ्या सुरवंटांना डंख मारून त्यांच्या अंगात आपली अंडी सोडू लागल्या. मेलेल्या जिवांसाठी भद्रक हळहळला, तरी त्याचा आनंद गगनात मावेना. त्याने सोमेला हाक मारून सारे दाखवले.

तेवढ्यात रांगच जाळून टाकायला उग्रक गावासह पेटता पलिता घेऊन आला. भद्रक धावला आणि झाडाला पाठ लावून उभा राहिला.

"उग्रका, दाण्यांतून या किडीचे वैरी निघतात. रांग जाळलीस तर आपले राखणदारच जळतील. पौर्णिमेपर्यंत थांब. कीड हटली नाही, तर माझी बाग तुझी."

बागेवाचून भद्रक-सोमेला दुसरा आधार नव्हता. तरी ती नवऱ्याशेजारी जाऊन उभी राहिली.

"मीही पाहिलंय, भाऊजी," ती म्हणाली.

उग्रकाने पलिता मातीत विझवला.

पौर्णिमेला शिरीषांवर कोवळी पालवी लवलवत होती आणि गाव आनंदाने नाचत होते. उग्रक मात्र झाडाखाली बसून ढसाढसा रडला. आपल्याच अंगठ्याखाली किती राखणदार गेले, हे त्याला आता उमगले होते.

ही कथा सांगून भिक्खूंचे गुरू शास्ता म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा उग्रक म्हणजे आपला उतावळा भिक्खू खेमक. सोमा म्हणजे भिक्खुणी धीरा. आणि भद्रक मीच होतो."

नीट पाहिल्यावाचून ज्याचा हात उठत नाही, त्याच्या त्या गुणाला प्रज्ञा म्हणतात.