ओला डुबू आणि डेलियाचा कंद

ए, ऐक ना. इकडे सरक. आत्ता काय झालं सांगू? अगदी आत्ता, डोंगरावरच्या बागेत. पण आधी पांघरूण घे. ऐकूनच पाय गार पडतात.

एक आहे डुबू. डुबू म्हणजे बेडूक. एवढासा, बोराएवढा. तो राहतो डेलियाखाली. डेलिया म्हणजे फूलझाड. फूल लालेलाल, तुझ्या ताटलीएवढं. पाऊस आला की डेलिया डुबूवर छत्री धरायची. ऊन आलं की सावली धरायची.

आणि काल थंडी पडली. कडाक्याची. दव गोठलं. सकाळी डुबूनं वर बघितलं.

डेलिया काळी. पानं काळी. फूल काळं. मान खाली.

"डेलिया, ए डेलिया, काय झालं गं?"

"गारठले रे. वरचं सगळं गेलं. खाली मातीत माझे कंद आहेत, रताळ्यासारखे. ते काढायला सांग. कोरड्या वाळूत ठेवायला सांग. मातीत राहिले तर कुजतील. मग मी नाही. कधीच नाही."

डुबू रडला नाही. वेळच नव्हता.

टुपुक टुपुक टुपुक. गेला यमुनामावशीकडे. बाग तीच बघते.

"यमुनामावशी, यमुनामावशी,
डेलिया गारठली.
कंद काढतेस का?"

"कशानं काढू बाळा, नखांनी? कुदळीचा दांडा बघ कसा हलतोय. जांभळाची पाचर आण. दांडा घट्ट करते, मग काढते."

टुपुक टुपुक टुपुक. गेला जांभळाकडे.

"जांभूळबाबा, जांभूळबाबा,
डेलिया गारठली.
मावशी खणेना.
पाचर देता का?"

"कशी देऊ? हातच हलत नाही. ही वेल बघ कशी आवळून बसलीय. शेळीनं वेल खाल्ली, तर देतो."

टुपुक टुपुक टुपुक. वाटेत डेलिया लागली.

"आहेस ना?"

"आहे," ती म्हणाली. हळूच.

टुपुक टुपुक टुपुक. गेला शेळीकडे.

"शेळीताई, शेळीताई,
डेलिया गारठली.
मावशी खणेना.
जांभूळ पाचर देईना.
वेल खातेस का?"

"तोंड कोरडंठाक पडलंय माझं. वेल घशात अडकली तर तू काढणार? एवढासा तू. आधी पाणी पाज."

टुपुक टुपुक टुपुक. गेला हौदाकडे.

"हौदआजोबा, हौदआजोबा,
डेलिया गारठली.
मावशी खणेना.
जांभूळ पाचर देईना.
शेळी वेल खाईना.
पाणी देता का?"

"कुठलं पाणी? तोंडावर बर्फाची साय धरलीय. वाजवून बघ."

डुबूनं वाजवली. कट्ट.

"ऐकलंस? ऊन आलं, तर देतो."

टुपुक... टुपुक... वाटेत डेलिया लागली.

"आहेस ना?"

डेलिया काही बोलली नाही.

टुपुकटुपुकटुपुकटुपुक. डुबू चढला भिंतीवर. समोर नुसतं धुकं. धुक्यामागे ऊन लोळत पडलेलं.

"ऊनदादा, ऊनदादा,
डेलिया गारठली.
मावशी खणेना.
जांभूळ पाचर देईना.
शेळी वेल खाईना.
हौद पाणी देईना.
तू वर येतोस का?"

"कोंबड्यानं हाक कुठे मारली? हाक मारल्याशिवाय मी उठत नाही."

"कोंबडा गारठलाय. गप्प बसलाय."

"मग मीपण झोपतो."

आता काय? थंडीत बेडूक ओरडत नाहीत. घसाच बसलेला असतो. तरी डुबूनं तोंड उघडलं.

ड... ड... डर्र...

घसा दुखला. पुन्हा उघडलं.

डराव. डराव. डराव!

"उठलो, उठलो. केवढा ओरडतोस," ऊन म्हणालं.

मग ऊन आलं. बर्फ वितळला. हौदानं पाणी दिलं, बुडबुड. शेळी पाणी प्यायली. शेळीनं वेल खाल्ली, करम करम. जांभळानं पाचर दिली, खटकन. मावशीनं पाचर ठोकली, ठक ठक ठक. मावशीनं माती खणली, खच खच खच.

कंद निघाले.

एक मऊ. कुजला.
दुसरा मऊ. कुजला.
तिसऱ्यात मावशीचं बोटच गेलं.
चौथा होता बारीक. मावशीनं दाबून बघितला. टणक! मानेवर एक डोळा, टाचणीच्या टोकाएवढा.

"डोळा आहे," मावशी म्हणाली. "हा उगवेल."

तिनं कंद पुसला. उन्हात सुकवला. कोरड्या वाळूच्या खोक्यात ठेवला. तशी टुपुक! डुबूनं खोक्यात उडी मारली. कंदाला घट्ट मिठी मारली.

"अरे, ऊठ. बघ काय केलंस ते."

डुबूनं बघितलं. तो बसला होता तिथली वाळू ओली. काळी.

"तू पडलास ओला," मावशी म्हणाली. "थंडीभर तू इथे झोपलास तर हापण कुजेल."

"मग मी कुठे झोपू?"

"चिखलात."

"एकटा?"

"एकटा."

"खूप दिवस?"

"खूप."

मावशीनं ओली वाळू काढली. कोरडी घातली. मग ती डुबूला बागेत घेऊन गेली. डेलियाचा खड्डा होता ना, रिकामा, तो दाखवला.

"थंडी गेली की हिला इथेच लावणार. तुझ्याच डोक्यावर. तोवर जागा राख."

डुबू खड्ड्यात उतरला. मावशीनं वर पानं घातली. आत काळोख. गार. छत्री नाही, सावली नाही. पण जागा डेलियाची.

डुबू आत्ता तिथेच आहे. डोळे मिटून. जागा राखतोय.

तिकडे खोक्यात डेलिया आहे, कोरडी, एका डोळ्याची. आणि इकडे हा, ओलाच.

सांग ना, तू काय केलं असतंस? लांब राहून जागा राखली असतीस? की एकदा, एकदाच, कंदाला हात लावला असतास?