नसलेला खडक

अमेरिकेतल्या एका बेटावर दाट झाडी होती, तेव्हाची ही गोष्ट. तिथल्या मूळ रहिवाशांनी एका खडकाला वळसा घालत, चालून चालून पायवाट पाडली. पुढे गलबतं आली, घरं झाली, शहर फुगलं. दोरी धरून आखलेले नवे रस्ते पायवाटेला म्हणाले, “आजी, सरळ हो! नाहीतर उद्या बुजवतील तुला.”

“इथं खडक होता रे, म्हणून वळले.”

“तो तर कधीच फोडला!”

“फोडला, खरंय. त्याला वळसा घालणारी माणसंही गेली. आता मीही सरळ झाले, तर ती इथं होती हे कोण सांगेल?”

हे ऐकून आखणीच्या दोरीनं आपली खुंटी उपटली आणि पायवाट सोडून पलीकडे ठोकली.

आजही उंच इमारतींमधून मोटारी भरधाव येतात, आणि त्या जागी नसलेल्या खडकाला वळसा घालून जातात.