शेजारचा पिवळा जीवाणू

“पण बाई, शुद्ध केल्यावरच तो मरतो कसा?”

यशोधनने प्लेट काळसेकर बाईंसमोर ठेवली. “ही शेवटची. उरलेला सगळा जीवाणू हिच्यावर पसरलाय.” उगवलं मात्र काहीच नव्हतं.

बाई सूक्ष्मजीवशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापक. कॉलेजने प्रयोगशाळेतलं त्यांचं टेबल अजून काढलं नव्हतं, कारण तसं सांगायची कुणाची छाती नव्हती. यशोधन त्यांचा जुना विद्यार्थी. हुशार होता, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

खाडीच्या चिखलात त्याला हा पांढरा जीवाणू सापडला होता. औषधांना दाद न देणारा एक रोगजंतू त्याच्यापुढे नांगी टाकायचा. यशोधनची सगळी पीएच.डी. त्याच्यावर उभी होती, आणि आता तोच रुसला होता.

“खायला काय घातलंस?”

“सगळं घालून झालं. खाडीचं पाणीसुद्धा.”

“ऊब?”

“सगळं तुमच्याच पद्धतीनं केलं, बाई. एकच ठिपका उचलायचा, नव्या प्लेटवर रेघा ओढायच्या, त्यातला पुन्हा एकच उचलायचा. दुसरं कुणी म्हणून शिल्लक ठेवलं नाही.”

“पहिल्या प्लेटवर दुसरं कोण होतं?”

“घाण होती. एक पिवळा जीवाणू. कशाच्याच उपयोगाचा नाही, तपासलाय मी.”

“टाकलास?”

“नाही. आणलीय ती प्लेट. पण जुनी होऊन वाळलीय ती; तिच्यावरचा माझा केव्हाच मेला, हा पिवळा तेवढा टिकून आहे.”

“दे इकडे.”

बाईंनी तारेचं कडं ज्योतीवर लाल केलं, निवू दिलं, पिवळ्या ठिपक्याला टेकवलं…

आणि यशोधनच्या त्या काहीच न उगवलेल्या, स्वच्छ प्लेटवर मधोमध एक रेघ ओढली.

यशोधनने प्लेट ओढून घ्यायला हात पुढे केला, पण रेघ ओढून झाली होती.

“बाई… शेवटची होती ती.”

“हो. म्हणालास तू.”

“इतकी वर्षं तुम्हीच सांगितलंत, प्लेट मळू द्यायची नाही. आणि आज तुम्हीच…”

“सांगितलं खरं.” बाईंनी झाकण लावलं आणि प्लेट उबेच्या पेटीत ठेवली. “चहा घेणार?”

तो चहा न घेताच निघून गेला. बाईंनी स्वतःचा घेतला.

पुढच्या आठवड्यात त्यांचा निरोप आला, ये म्हणून. तो तोंड पाडूनच आला.

बाईंनी प्लेट त्याच्या हातात दिली.

पिवळी रेघ चांगली जाडजूड झाली होती. तिच्या दोन्ही बाजूंना, अगदी खेटून, बारीक पांढरे ठिपके दाटले होते. रेघेपासून लांब एकही नव्हता.

यशोधन प्लेट घेऊन खिडकीशी गेला. पाठ करून उभा राहिला, तरी तो रडतोय हे दिसत होतंच.

मग तो वळला आणि वाकला. कुणाच्या पाया पडणाऱ्यातला तो नव्हता. पण त्या दिवशी त्याला फार कृतज्ञ वाटत होतं, आणि ते सांगायची दुसरी रीत त्याला ठाऊक नव्हती.

बाईंनी पाय मागे घेतले.

“माझ्या काय पाया पडतोस? आभार मानायचे तर ह्याचे मान.” त्यांनी पिवळ्या रेघेकडे बोट दाखवलं.

यशोधन डोळे पुसत हसला.

“ह्याचे कसले आभार, बाई? माझा जीवाणू शेजारी आहे हेसुद्धा ह्याला ठाऊक नसणार. हा आपला आपल्यापुरता जगत होता. जगता जगता ह्याच्याकडून काहीतरी सांडलं, ते माझ्या जीवाणूला पुरलं. एवढंच.”

बाईंनी प्लेट त्याच्याकडून घेऊन पुन्हा उबेच्या पेटीत ठेवली.

“मग मी तरी दुसरं काय केलं, यशोधन?”